रोहिणी नक्षत्रातल्या घागरी

अकोल्याला येण्याआधी आम्ही ज्यात राहत होतो त्याला घर म्हणायचं कारण एवढंच, की त्याला दार होतं. कुडाच्या भिंती, वर कपाशीच्या पऱ्हाट्या, पऱ्हाट्यांवर गवत. पाऊस लागला की माय एकेक भांडं भुईवर मांडायची. गंज, डेचकी, पितळी, शेवटी पाणी प्यायचा गिलाससुद्धा. भांडी संपायची, गळती संपायची नाही. माझी आणि ताईची पुस्तकं उतरंडीच्या वरच्या मडक्यात असत. ती कोरडी राहत, पण त्यांना मडक्याचा आणि धुराचा वास लागे. वर्गात पुस्तक उघडलं की बाजूचा पोरगा नाक दाबायचा. मग मी पुस्तक मांडीवर घेऊन, त्याच्यावर वाकून, वास बाहेर जाऊ नये अशा बेतानं वाचायला शिकलो. आजही मी पुस्तक तसंच धरतो. लोकांना वाटतं माझे डोळे अधू आहेत.

बाबांना अकोल्याच्या एका प्रेसिंग कारखान्यात कापसाच्या गठाणी ओढायचं काम लागलं आणि आम्ही खोली शोधायला निघालो. नुकतीच दीक्षा घेतली होती. घरातले देव नदीत सोडून भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. धर्म बदलला, पण खोली विचारायला गेलं की आडनाव तेच निघायचं. ते ऐकलं की खोली कालच गेलेली असायची.

अशात कोणीतरी सांगितलं, त्या लिंबाच्या बाजूच्या घरी विचारा, तो म्हातारा चक्रम आहे, काय म्हणेल नेम नाही.

तो दारातच होता. बुटका, अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, कानामागं खडूचा तुकडा. सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेला. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"गावचं घर गयते का?"

बाबा ताठ झाले. "नाई जी. मजबूत हाये घर आमचं."

"मंग खोली नाई," म्हणून तो आत वळला.

आम्हाला वाटलं, हीही कालच गेली. पण माय मागून बोलली, "खोटं काहून बोलता तुमी? जी, गंज पुरत नाई आमाले. लेकराईची पुस्तकं मडक्यात ठेवतो."

म्हातारा थांबला. "कोन्या अंगानं गयते?"

"साऱ्याच अंगानं."

"या. खोली पाहून घ्या."

पुढं त्यानं कारण सांगितलं. "ज्याच्या डोस्क्यावर कधी थेंब पडला नाई तो भाडेकरी वर पाहतच नाई. कवेलू फुटलं तरी त्याले ते मालकाचं वाटते. तुमी वर पाहान."

खोली मिळाली. मायच्या चेहऱ्यावर आनंद होता, बाबांच्या नव्हता. परक्या माणसापुढं बायकोनं घर गळतं म्हणून सांगितलं आणि त्याच्या जोरावर आपण आत आलो, हे त्यांना कितीतरी दिवस सहन झालं नाही. मलाही नाही. ज्या गोष्टीची शाळेत लाज वाटायची तीच इथं आमची लायकी ठरली होती. त्याचा आनंद मानायचा कसा, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

एकाच कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली एका अंगाला ते नवराबायको, एका अंगाला आम्ही. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. आळी त्यांना 'थेंबेसाहेब' म्हणायची, तेही ऐकू जाईल अशा बेतानं.

साहेबांचं वर्ष पंचांगासारखं बांधलेलं होतं, फक्त त्यात सण नव्हते, घराची दुखणी होती. पाडवा झाला की दाराच्या चौकटींचे पाय उकरून उधईला, म्हणजे वाळवीला, घासलेट पाजायचं. दिवाळीआधी भिंती पोतारायच्या, आणि चुन्यात डिंक घालताना साहेब समोर हवेत, कारण "डिंक कमी पडला तं भिंतीले टेकनारा मानूस पांढरा होऊन जाते." थंडीत बिजागऱ्यांना तेल. श्रावणात दार फुगून बसेनासं झालं की ते सुताराला घरात पाऊल टाकू देत नसत. "आता रंधा मारसान तं दिवाळीले फट पडन. फुगू द्या. उतरते आपसूक." बाजूच्या घरानं ऐकलं नाही. त्यांच्या बंद दाराच्या फटीतून पुढं हिवाळाभर मांजर ये-जा करत होतं, आणि साहेब ते येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवत.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याबरोबर भिंतीही भेगाळतात. लोक घाबरून वैशाखातच माती भरतात. साहेब भरू देत नसत. "भुई सुकली की भेग उघडते, भुई भिजली की मिटते. श्वास घेऊन राह्यली भिंत, तिचं नाक काहून बुजवता? अश्विनात पाहू." पण भेग वाढते आहे की तेवढीच आहे हे कळावं म्हणून ते तिच्यावर आडवी कागदाची पट्टी खळीनं चिकटवत. कागद कोणाचा याचा विचार करत नसत. एकदा माझ्या इंग्रजी निबंधाचं पान गेलं. मी इंटरला होतो, त्या निबंधाखाली प्रोफेसरांनी 'गुड' लिहिलं होतं. काही दिवसांनी साहेब खुशीत आले. "तुहा निबंध फाटला बे! भिंत चालून राह्यली."

आणि ते भिंती हुंगायचे. पावसाळ्यात रोज सकाळी दारात येऊन विचारायचे, "नाक आनू का आत?" माय पदर सावरून बाजूला व्हायची. हे भिंतीला नाक लावून कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरायचे, आणि ओल लागली की तिथं खडूनं फुली. आमच्याकडं कोणी पाहुणा बसलेला असला तरी. मग पाहुणा आमच्याकडं बघायचा आणि आम्ही जमिनीकडं.

पण हे सगळं फुटकळ. साहेबांचा खरा दिवस रोहिणी नक्षत्र निघालं की यायचा.

त्याआधी कवेलू फेरून झालेले असत. फुटके काढून नवे बसवलेले, आढ्यावर चुना थापलेला. दुसरा कोणी असता तर मृगाची वाट पाहत बसला असता. साहेब पाऊस येण्याआधी स्वतःच पाऊस पाडत. घागरी भरून शिडीनं छपरावर न्यायच्या आणि आढ्यापासून खालच्या कडेच्या ओलतीपर्यंत ओतत जायचं. खाली एकानं बसायचं. थेंब पडला की जमिनीवर खडूनं वर्तुळ काढायचं आणि ओरडून जागा सांगायची. घागरी वाहणारा मी. खाली बसणारी ताई, कारण तिचा आवाज छपराच्या पार जायचा. "पावसाले काहून शिव्या देता?" साहेब वरून म्हणत. "तो बिचारा सांगून येते. तुमीच बहिरे हा."

अकोल्याचा मे महिना, आळीत गोड्या पाण्याच्या नळावर भांड्यांची रांग, आणि आम्ही छपराला आंघोळ घालतो आहोत. पाणी अंगणातल्या खाऱ्या विहिरीचं असायचं, ते कोणी पीत नसे. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला पाण्याची चव दिसत नाही. बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. "कावो, छपराले ऊन लागलं का तुमच्या? सरबत बी पाजा!" मी घागर घेऊन शिडीवर, आणि खालून सायकलवर वर्गातला पोरगा. तो थांबला, वर पाहिलं, ओळख पटली तशी हसला आणि निघून गेला. सुट्टी संपून वर्ग भरले त्या पहिल्या दिवशी मी बसलो तेव्हा मागून कोणीतरी "टप, टप" असा आवाज काढला.

आणखी एक लिहिलं पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटं होईल. साहेबांनी जात विचारली नाही हे खरं. पण काकूंचं पाण्याचं भांडं पहिली काही वर्षं आमच्यापासून लांब असायचं, आणि गोड्या नळावर मायला आपली घागर सगळ्यांच्या मागं ठेवावी लागायची. खाऱ्या विहिरीवर आम्हाला कोणीच अडवलं नाही. साहेबांना हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना भिंतीतली ओल हुंगून कळायची. पण त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

तर ताईची गोष्ट.

ताई मॅट्रिक झाली होती आणि तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. बाबा शिकवण्याच्या विरोधात नव्हते, पण त्यांच्यावर नातेवाइकांचं दडपण होतं. मामांनी गावाकडचं एक स्थळ आणलेलं होतं. मुलगा चांगला, पण तिथं गेली की पुस्तक संपलं, हातात विळा. तेवढ्यात अमरावतीहून निरोप आला. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, आपल्यातलाच, राजापेठेत राहणारा, आणि मुलाचं म्हणणं असं की बायको शिकत असेल तर शिकू द्यावी. बाबांनी ताईला स्पष्ट सांगितलं, "हे जमलं तं टरेनिंग. नाई जमलं तं मामाचं आयकाव लागन." त्या आठवड्यात ताईनं घर तीनतीनदा सारवलं.

पाहुण्यांचा दिवस नेमका रोहिणीवर आला.

बाबा साहेबांकडं गेले. आजवर त्यांनी त्या माणसाकडं काही मागितलं नव्हतं. "साहेब, तेवढा एक दिवस पानी नका टाकू."

"पाहुने येऊन राह्यले? मंग तं पाह्यजेच! पाहुन्याच्या अंगावर गयलं तं इज्जत कोनाची जाईन? माही!"

बाबा दारात उभेच राहिले. आतून काकू बाहेर आल्या आणि नवऱ्यावर तुटून पडल्या. "तुमच्या इज्जतीपायी त्या पोरीचं वाटोयं करता का?" मग बाबांकडं वळून, साहेब समोर असतानाच, त्यांनी ती गोष्ट सांगितली. परतवाड्याच्या पुढं घाटात साहेबांनी एक डाकबंगला बांधून घेतला होता. पहिल्याच पावसात मोठा साहेब मुक्कामाला आला आणि त्याच्या पलंगावर गळलं. सकाळी त्यानं कुली, खानसामा, मुकादम, सगळ्यांना गोळा केलं आणि यांना त्या ओल्या पलंगावर निजवलं. म्हणाला, पडून राहा आणि तुझं काम बघ. "हे पडून राह्यले जी. उठ म्हनेपर्यंत. तवापासून हे असं हाये."

साहेब खडूचा तुकडा बोटांत फिरवत होते. "पाहुने गेले की दुसऱ्या दिशी टाकीन पानी," एवढंच म्हणाले.

बरं वाटून बाबांनीच त्यांना विनंती केली की बैठकीत वडीलधारे म्हणून तुम्हीच बसा. ती चूक बाबांची.

पाहुणे आले. मुलाचे वडील कडक इस्त्रीचा कोट घालून, त्या उन्हात. मुलाची आई, आणि मुलगा, जो फक्त आपल्या चपलांकडं बघत होता. सतरंजी आम्ही मागून आणली होती. ताईनं पोहे दिले, चहा दिला. मी पँट घालून उगाच दारात उभा. बोलणं कापसावरून उन्हाळ्यावर आणि उन्हाळ्यावरून पावसावर आलं.

"आमच्या राजापेठेतल्या घराले पावसाची काही चिंता नाई," मुलाचे वडील म्हणाले. "पक्कं काम हाये."

बाबांना मागं राहवेना. "हे बी ठनठनीत हाये जी. थेंब नाई येत."

दोघांच्या मध्ये साहेब बसलेले. ते अस्वस्थ झाले. "कसं सांगता?" ते बाबांना म्हणाले. "औंदा पाह्यलं कुठी अजून?"

"साहेब..." बाबांनी हात जोडल्यासारखे केले.

"नाई, तुमी पाहुन्याले सांगून राह्यले नं थेंब येत नाई म्हनून. माह्या घराबद्दल न पाहता कसं सांगता?" आणि ते उठले. मी दारात होतो, मी अडवायला हवं होतं, पण त्या वेगानं निघालेल्या माणसाला कसं अडवायचं? घागरी दुसऱ्या दिवसासाठी भरून शिडीशी ठेवलेल्याच होत्या.

वर कवेलूवर पावलं वाजली. पाहुण्यांनी वर पाहिलं. चहात माती पडली. मग पाणी. आढ्यावरून सळसळत ओलतीकडं गेलं. एक घागर कोरडी गेली. बाबांच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. दुसऱ्या घागरीला थेंब पडला. मुलाच्या वडिलांच्या कोटाच्या खांद्यावर. मग आणखी एक, मग धार.

आणि पुढं जे झालं ते क्षणात झालं. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही. मुलानं हातातला चहा एका घोटात संपवून रिकामा कप धारेखाली ठेवला. मुलाची आई उठली आणि सतरंजीचं टोक ओढून, गुंडाळून, कोरड्या कोपऱ्यात नेलं. तिला कोपरा शोधावा लागला नाही, तिनं भुईचा उतार पाहिला आणि कळलं. मुलाच्या वडिलांनी, त्या कोटवाल्यांनी, दोन्ही हातांनी भिंतीवरची तथागतांची तसबीर उतरवली आणि कोटाच्या आत छातीशी धरली.

तेवढ्यावर सगळे थांबले. कपात टप टप वाजत होतं. पक्क्या घरात राहणारी माणसं अशी उठत नाहीत. हे आम्हाला कळलं, आणि आम्हाला कळलं हे त्यांना कळलं. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. मायनं तोंडाला पदर लावला होता. मुलाचे वडील तसबीर छातीशी धरून उभे, त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल. मला स्वतःची लाज वाटत होतीच, पण दुसऱ्याला झाकपाक करून आलेलं असताना उघडं पडलेलं पाहणं हे त्याहून वाईट. मी दाराबाहेर बघत राहिलो.

वरून कवेलू सरकलं. उजेडाचा चौकोन पडला आणि त्यात साहेबांचं तोंड. "कोन्या ठिकानी बे?"

वर घागर हलवल्याचा आवाज आला.

"अवो, सांगा नं कोनी! पानी सरून राह्यलं!"

आणि ताई, जी दहा मिनिटांपूर्वी नाव विचारलं तेव्हा ऐकू जाईल एवढंही बोलली नव्हती, ती उठली. खडू नव्हता. चुलीतला कोळसा घेऊन तिनं कपाभोवती वर्तुळ काढलं आणि मान वर करून खणखणीत ओरडली, "आढ्याच्या डाव्या अंगाले! ओयीतलं तिसरं कवेलू! तुमच्या गुडघ्यापाशी हाये, साहेब, तुमच्या गुडघ्यापाशी!"

बाबांनी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, झालं, मामाचं स्थळ.

साहेब खाली आले ते ते कवेलू हातात घेऊन, चोराला पकडून आणावं तसे. केसासारखा बारीक तडा गेलेला होता. चड्डी ओली, गुडघे मातीचे. ते आत आले नाहीत. उंबऱ्याशीच बसले, कवेलू मुलाच्या वडिलांपुढं ठेवलं आणि हात जोडले. "छप्पर माहं हाये. गयलं ते माहं गयलं. पोरीचं त्यात काई नाई. या लोकाईचं काई नाई." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांना मी तसं, मान खाली घालून, एकदाच पाहिलं.

मुलाची आईच बोलली. "काय बाप्पा माफी मागता. आमच्या राजापेठेत चार जागी गयते."

"चार नाई," मुलगा म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला. "सहा."

त्याच्या वडिलांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की वाटलं आता हात उचलतात. पण हात तसबिरीत अडकलेले. मग तेच खाली बसले आणि म्हणाले, "पोरीले ट्रेनिंगले पाठवा. मास्तरीन पाह्यजे तं अशा आवाजाची. लग्न परीक्षेनंतर ठेवू." एवढं बोलून त्यांनी तसबीर मायच्या हातात दिली, आणि कोट काढला. बंडीला पाठीवर ठिगळ होतं.

लोक ही गोष्ट ऐकून हसतात. मीही हसवत सांगतो. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. जमलं होतं, आणि तरी पाहुणे गेल्यावर आम्ही कुणाचं तरी काही फुटल्यासारखे गप्प होतो. बाबा साहेबांशी कित्येक महिने बोलले नाहीत. साहेब सकाळी येऊन विचारायचे, "नाक आनू का आत?" बाबा पाठ करून बसायचे. मग साहेब दारातच हुंगून परत जायचे. त्या वर्षानंतर आळीत कोणी घर बांधलं, कोणाकडं पाहुणे आले, तर साहेबांना बोलवायचं नाही असं ठरूनच गेलं होतं. त्यांनी ते कधी विचारलं नाही. रोहिणीला मात्र घागरी चुकल्या नाहीत. मी बी. ए. झालो त्या उन्हाळ्यातही माझ्या हातात घागर होती, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांकडं मी अजून बघत नव्हतो.

ताई त्याच जूनमध्ये अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात गेली. परीक्षा झाल्यावर लग्न झालं. नंतर ती नांदगाव पेठच्या शाळेत लागली, आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. आमच्या घराण्यात सही करून पगार घेणारं पहिलं माणूस ती.